भुताचं राहू द्या, त्याला गेम सोडता येतो का ते बघा

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढून टाकलंय):

एका आईने लिहिलंय. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. दिवाळीच्या सुट्टीत सगळी भावंडं जमली तेव्हा जावेच्या मुलाने, तो १३ वर्षांचा, त्याला रोब्लॉक्सवरचा ‘डोअर्स’ हा भुताचा गेम दाखवला. सुट्टी संपली पण गेम सुटला नाही. रोज रात्री जेवणं झाली की चौघं भावंडं आपापल्या घरून एकत्र खेळतात, हा बाबांच्या जुन्या मोबाईलवर, हेडफोन लावून. गेले काही आठवडे मुलगा रात्री एकटा बाथरूमला जात नाही, झोपताना कपाटाचं दार उघडं ठेवायला लावतो, आणि परवा हॉलमधली ट्यूबलाइट लुकलुकली तर भरल्या ताटावरून उठला आणि पलंगाखाली जाऊन शिरला. सासूबाईंनी दृष्ट काढली. नवरा म्हणतो आम्ही कोकणात भुताच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो, काही होत नाही. जाऊबाई म्हणतात माझाही खेळतो की, तुझाच जरा घाबरट आहे. आणि मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "मी नाही घाबरत, मला आवडतो." आईचा प्रश्न असा की हा गेम मुलांसाठी योग्य आहे का, आणि नसेल तर सरळ डिलीट करून टाकू का?

नमस्कार,

ट्यूबलाइटपासूनच सुरू करते, कारण तुमच्या पत्रावरून तरी त्या प्रसंगाने तुम्ही सगळ्यात जास्त हादरलेल्या दिसताय आणि नेमकं त्याचंच उत्तर सगळ्यात सोपं आहे. डोअर्समध्ये एक जुनं हॉटेल आहे, त्यात शंभर दारं, प्रत्येक दारावर नंबर, एक उघडलं की पुढची खोली, आणि दर वेळी खोल्यांची मांडणी बदललेली. ऑगस्ट २०२२ मध्ये आला हा गेम. त्यात ‘रश’ नावाचं एक भूत आहे. ते यायच्या आधी खोलीतले दिवे लुकलुकतात, मग लांबून धडधडत येणारा आवाज वाढत जातो आणि तेवढ्या वेळात तुम्ही कपाटात नाहीतर पलंगाखाली शिरलात तर वाचलात, नाहीतर खेळ खल्लास. म्हणजे तुमच्या मुलाने त्या दिवशी जे केलं ते अगदी नियमाप्रमाणे केलं. दिवा लुकलुकला, लपला. बाहेरचं काही झालेलं नाही आणि डोक्यावर परिणाम वगैरे तर अजिबात नाही.

सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहरीने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त त्याच्या देखत "याला काहीतरी लागलंय" एवढं वाक्य नको. रशपासून कसं वाचायचं ते त्याला पाठ आहे, पण "काहीतरी लागलंय" यापासून कसं वाचायचं ते त्याला कुणीच सांगितलेलं नाही, आणि ते आजी म्हणतेय म्हटल्यावर त्याच्यासाठी खरंच असणार. (आणि त्या ट्यूबचा स्टार्टर तेवढा बदलून घ्या.)

आता कपाट. इथे मला घाईने काही बोलायचं नाही, कारण दार उघडं ठेवण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात आणि ती तुम्ही त्यालाच विचारायची आहेत, दिवसा, दुसरं काहीतरी करता करता, म्हणजे मटार सोलताना वगैरे, समोर बसवून उलटतपासणी नको. "दार कशाला रे उघडं लागतं, पटकन आत शिरता यावं म्हणून, की आत कोणी आहे का ते दिसावं म्हणून?" पहिलं उत्तर आलं तर खेळ अजून डोक्यात चालू आहे एवढंच, आपण दिवसभर पत्ते खेळलो की डोळे मिटल्यावर पत्ते दिसतात तसं. दुसरं उत्तर आलं तर मात्र भीती मोबाईलमधून उतरून घरात आलीय आणि मग तुम्हाला लगेच काहीतरी करायला हवं. तोपर्यंत दार उघडं राहू द्या, त्याने काही होत नाही. पण रोज रात्री टॉर्च घेऊन "बघ, आत कुणी नाही" हा कार्यक्रम करू नका. आई रोज शोधते म्हणजे शोधण्यासारखं काहीतरी असणार, असा सरळ हिशोब असतो मुलांचा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही गेम नीट पाहिलेला नाही, लांबून फक्त किंचाळण्याचा आवाज येतो. म्हणून थोडं सांगते, कारण "योग्य आहे का" हे लांबून ठरत नाही. रोब्लॉक्स हा एक गेम नाही, ते २००६ पासून चालू असलेलं एक मोठं दुकान समजा जिथे लोकच गेम बनवून ठेवतात, त्यात पिझ्झा बनवायचे गेम आहेत, घर सजवायचे आहेत आणि भुतांचेही आहेत. डोअर्समध्ये रक्त, चिरफाड असलं नाही. भूत आलं की स्क्रीनभर एक चेहरा आणि मोठा आवाज, संपलं. अंधाऱ्या खोलीत मागून कुणीतरी "प्स्स्ट" करतं, ते ‘स्क्रीच’, त्याच्याकडे पटकन वळून बघायचं म्हणजे ते चावत नाही. आणखी एक भूत आहे नुसत्या डोळ्यांचं, त्याच्याकडे बघायचं नाही. पन्नास नंबरच्या दाराआड लायब्ररी आहे, तिथे ‘फिगर’ नावाचा एक आंधळा राक्षस फिरतो, त्याला दिसत नाही पण ऐकू येतं, म्हणून वाकून चालत पुस्तकं गोळा करायची आणि त्यातून पाच आकडी कोड काढायचा. कपाटात लपलात आणि तो जवळ आला तर हृदयाच्या ठोक्यांबरोबर बटणं दाबावी लागतात, चुकलं की पकडला. आणि मेल्यावर निळ्या अक्षरांत समजावून सांगतात की तू कशाने मेलास आणि पुढच्या वेळी काय करायचं. मला तरी हा गेम मन लावून बनवलेला वाटतो, भीती आहे पण प्रत्येक भीतीवर उपाय आहे, आणि तो उपाय मुलाने स्वतः शोधायचा आहे. तुमचा मुलगा "मला आवडतो" म्हणतो ते खोटं नसेल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मुलांना थोडं घाबरायला आवडतंच. मुंजा, हडळ, चकवा, सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि पुन्हा पुन्हा सांग म्हणून हट्टही केलेला असतो. पण गोष्ट सांगणारी आजी पोराच्या तोंडाकडे बघून सांगते हो. पोरगं फार गोरंमोरं झालं की हडळीला मध्येच विहिरीत ढकलते आणि म्हणते चला आता झोपा. मोबाईल तोंडाकडे बघत नाही. त्याला समोर नऊ वर्षांचा आहे की एकोणीसचा, रात्रीचे साडेनऊ वाजलेत की दुपारचे चार, काही फरक पडत नाही. ते बघायचं काम मग घरातल्या कुणीतरी करायला पाहिजे, आणि सध्या तुमच्या घरात ते कुणीच करत नाहीये कारण तो हेडफोन लावून आतल्या खोलीत असतो. हा परिच्छेद मिस्टरांना वाचायला द्या, त्यांना राग येणार नाही असं लिहायचा प्रयत्न केलाय.

पण या पत्रातली मुख्य गोष्ट मला भूत वाटतच नाही. ती "चौघं भावंडं" ही वाटते.

असं बघा, तोच मुलगा तोच गेम एकटा खेळत असता आणि लायब्ररीत त्याची फाटली असती तर त्याने काय केलं असतं? मोबाईल गादीवर फेकला असता आणि तुमच्याकडे स्वयंपाकघरात येऊन उगीच डबे उघडत बसला असता. म्हणजे त्याची भीती त्यानेच आटोपली असती. चौघं असताना हे करता येत नाही. एक जण पुस्तकं शोधतोय, एक फिगरवर लक्ष ठेवतोय, अशा वेळी हा मध्येच बाहेर पडला तर उद्या व्हॉट्सॲपवर "पळाला रे पळाला", आणि मोठा दादा, ज्याच्यासारखं व्हायचंय, तोच म्हणणार फट्टू. नऊ वर्षांच्या मुलाला फिगर परवडतो, फट्टू परवडत नाही. म्हणून तो बसून राहतो, पोटात गोळा आला तरी बसून राहतो, आणि तो गोळा मग रात्री अडीच वाजता बाथरूमच्या दाराशी बाहेर पडतो. आणि म्हणूनच तुम्ही विचारलंत की "मी नाही घाबरत" हेच उत्तर येणार. त्यात तुमच्या जाऊबाई घाबरट म्हणतात हे त्याच्या कानावर गेलं असेलच, मग तर दुसरं उत्तर यायची सोयच नाही. तुम्ही त्या उत्तरावरून "त्याला चालतंय" किंवा "खोटं बोलतोय" असं काहीच धरू नका.

याची दुसरी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. चौघं मिळून घाबरलं की भीती हलकी होते, आरडाओरडा, हसणं, "अरे तुझ्या मागे, मागे", त्यातली मजा खरी आहे आणि वेगवेगळ्या शहरांत राहणारी भावंडं रोज अशी एकत्र येतात ही चांगलीच गोष्ट आहे, आपल्याला वर्षातून दोनदा भेटायची मारामार. त्यामुळे सरसकट डिलीट केलंत तर तुम्ही भुताबरोबर भावंडंही काढून घेणार, आणि त्याला राग भावंडांसाठी येणार, तुम्हाला वाटणार भुतासाठी आला.

तर मग दोन्ही गोष्टी सुट्या करून बघा. एका रविवारी दुपारी त्याला म्हणा की एकटा खेळून दाखव, मी शेजारी बसते. आवडीने खेळला, तुम्हाला शिकवायला लागला, मेला तर हसला, तर त्याला खरंच गेम आवडतो. "एकट्याने नको, दादा असेल तर खेळतो" म्हणाला तर तो तिथे दादासाठी जातो. दुसरी परीक्षा याहून सोपी, दोन-तीन संध्याकाळी चौघांना दुसरा कुठलातरी बिनभुताचा गेम खेळू द्या, रोब्लॉक्सवरच शेकड्याने आहेत, किंवा नुसता लुडो. तुमचा मुलगा तितकाच खुश दिसला तर तुम्हाला उत्तर मिळालं, डोअर्स गेला तरी त्याचं काही अडणार नाही. हे मी फक्त तुम्हाला नाही सांगत, अशी पत्रं सारखी येतात आणि बहुतेक घरांत कुणीच हे सुटं करून बघितलेलं नसतं, सगळा वाद भूत चांगलं की वाईट यावर.

आणि त्याला पळवाट द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहिते. त्याला सांगा, "तुला कधीही गेम सोडावासा वाटला ना, कारण काहीही असो, तर सरळ म्हणायचं आई जेवायला बोलावतेय, आई ओरडतेय, मोबाईल काढून घेतला. माझं नाव घे. मी तुला एका शब्दाने विचारणार नाही." आणि मग खरंच विचारायचं नाही हं, "का रे घाबरलास का" असं हळूच सुद्धा नाही. वाटलं तर एखादी खूण ठरवा, तो पाणी मागायला बाहेर आला की तुम्ही मुद्दाम मोठ्याने ओरडायचं "पुरे झाला तो मोबाईल!", म्हणजे पलीकडच्या तिघांनाही ऐकू जाईल. भावंडांमध्ये तुम्ही खडूस काकू ठराल. ठरा. त्याची इज्जत राहते आणि तो मोकळा होतो. मुलाने ही पळवाट वापरली तर गेम त्याला झेपतोय असं समजा, कारण त्याला कुठे थांबायचं ते कळतंय. घाबरलेला दिसतोय आणि तरी एकदाही वापरत नाही, तर काळजीचं.

वेळ मात्र आजच्या आज बदला, त्याला कुठल्या परीक्षेची वाट बघायची गरज नाही. जेवणानंतर अजिबात नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर, खाणंपिणं झाल्यावर, हॉलमध्ये, दिवे लावून, आणि हेडफोन न लावता. भुताच्या गेमची अर्धी भीती आवाजात असते, तो "प्स्स्ट" हेडफोनमधून थेट मानेजवळ येतो, मोबाईलच्या स्पीकरवर आला आणि मागे कुकरची शिट्टी चालू असली की त्याचा निम्मा जीव जातो. घरच्यांना त्रास होईल, आजींची मालिका आणि स्क्रीच एकाच वेळी ऐकावे लागतील, त्याला इलाज नाही. चौघांची वेळ जुळत नाही म्हणून रात्री खेळतात असं कारण येईल, तर शनिवार-रविवार सकाळ ठेवा. (ज्यांची भावंडं न्यू जर्सी वगैरेला आहेत त्यांच्यासाठी, तिकडची शनिवारची सकाळ म्हणजे आपली शनिवारची संध्याकाळ, आपल्याकडच्या मुलाने रात्री बारापर्यंत जागायचं काही कारण नाही.)

रात्री उठतो तेव्हा नेमकं काय होतं तेही थोडं बघा. पहाटेकडे उठून, घाबरून तुमच्याकडे आला आणि काय दिसलं ते सांगू शकला, तर ते वाईट स्वप्न, जवळ घ्या, पाणी द्या, झोपवा. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठला, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर तो वेगळा प्रकार आहे, त्याला हलवून जागं करायचं नाही, पडणार-लागणार नाही एवढं बघायचं, थोड्या वेळात तो आपोआप शांत होतो. असं वारंवार झालं तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, आणि दोष लगेच गेमवर टाकू नका, अपुरी झोप, ताप यांनीही होतं.

आता जरा कंटाळवाणं पण करायलाच पाहिजे असं. रोब्लॉक्सचं अकाउंट कुणी काढलं? बहुतेक दादाने, दिवाळीत, दोन मिनिटांत, आणि जन्मसाल काहीतरी टाकून दिलं असणार कारण लहान वय टाकलं की बरंच काही बंद राहतं. ते आधी तपासा. रोब्लॉक्सवर नोव्हेंबर २०२४ पासून गेम्सना मजकुराप्रमाणे पायऱ्या आहेत, किमान, सौम्य, मध्यम आणि प्रतिबंधित अशा, आणि ९ वर्षांखालच्या मुलांना आपोआप पहिल्या दोनच उघडतात, मध्यमसाठी पालकांची परवानगी लागते. म्हणजे तुमच्या मुलाने नववा वाढदिवस केला त्या दिवशी एक दार आपोआप उघडलं आणि तुम्हाला पत्ताही नाही. तुमचं स्वतःचं अकाउंट काढून त्याच्या अकाउंटला पालक म्हणून जोडा, मग ही पायरी, रोजची वेळ, मित्र कोण, खर्च किती, सगळं तुमच्या मोबाईलवरून ठरवता येतं. भावंडांनी बाहेरच्यांना न घेता आपापलीच टोळी करून खेळायचं. बोलणं गेमच्या चॅटवर कशाला, तुमच्या मोबाईलवरून चौघांचा कॉल लावून द्या, तो टेबलावर पडून राहील आणि येता-जाता तुमच्या कानावर पडेल. कुणी डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप घ्यायला सांगितलं तर नाही म्हणा, ते १३ वर्षांपासून पुढे आहे.

तुर्कस्तानने ऑगस्ट २०२४ मध्ये रोब्लॉक्स बंद केलं, नंतर २०२५ मध्ये कतार आणि कुवेतनेही, तेव्हा बातमी वाचून घाबरलेल्या पालकांची बरीच पत्रं आली होती. तिथे काळजी भुतांची नव्हती, अनोळखी लोक मुलांशी काय बोलतात याची होती. त्यानंतर कंपनीने चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासायची पद्धत आणली आहे. पण तुमच्या घरी चौघंच खेळतात आणि चौघं एकमेकांना जन्मापासून ओळखतात, तेव्हा ही काळजी तुमच्या यादीत खाली आहे, एवढंच बघा की पाचवा कोणी येत नाही ना. आला आणि फोटो, नंबर, पैसे असलं काही मागितलं तर मुलांची हेल्पलाइन १०९८ किंवा सायबर गुन्ह्यांची १९३०, आणि मुलाला रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाही.

पैशाचं एका ओळीत. मेल्यावर त्याच जागी पुन्हा जिवंत व्हायला रोबक्स, म्हणजे रोब्लॉक्सवरचे पैसे, लागतात आणि ते खऱ्या पैशाने येतात, म्हणून बाबांच्या त्या जुन्या मोबाईलवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर काढून टाका, खरेदीला पासवर्ड लावा. आणि २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा याला लागू नाही का असं काहीजण विचारतात, त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे, असल्या गेमवर नाही.

अजून एक जागा बघा, यूट्यूब. माझा अंदाज असा की तुमच्या मुलाची बरीचशी भीती तिथून आलेली असू शकते. डोअर्स शोधलं की त्याच भुतांची लोकांनी बनवलेली ॲनिमेशन येतात, त्यात मूळ गेममध्ये नाही असं रक्त असतं, आणि तिथून दोन-तीन व्हिडिओंत दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्यांच्या गेमवर गाडी जाते. खेळताना निदान हातात काहीतरी असतं, लपता येतं, पळता येतं. व्हिडिओ बघताना नुसतं बघत राहायचं. हिस्टरी एकदा चाळा, न ओरडता.

जाऊबाईंशी बोलायचं असेल तर "तुमच्या मुलाने माझ्या मुलाला" या शब्दांनी सुरू होणारं कुठलंही वाक्य बोलू नका, ते कुठे जाऊन संपतं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तर म्हणेन जाऊबाईंशी बोलूच नका, थेट त्या मुलाशी बोला. तेरा वर्षांचा आहे, त्याला मोठं म्हटलेलं आवडतं. "अरे तू आहेस म्हणून मी त्याला खेळू देते. तो गप्प झाला, बोलायचा बंद झाला की समज त्याला भीती वाटतेय, तेव्हा तूच म्हण की मला कंटाळा आला, चला दुसरं खेळू. तेवढं तुझ्याकडे." दहापैकी आठ मुलं ही जबाबदारी झकास निभावतात, त्यांना फक्त कुणी दिलेली नसते. फट्टू म्हणणाराच असा राखणदार झाला तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या पद्धतीने आत्ता चाललंय, रात्री, हेडफोन लावून, आतल्या खोलीत, सोडायची मुभा नसताना, तसा हा गेम नऊ वर्षांच्या मुलाला योग्य नाही. वर सांगितलेल्या पद्धतीने दोन आठवडे चालवून बघायला मात्र हरकत नाही. तेवढ्यात बाथरूमला एकटा जायला लागला, झोप सुधारली तर चालू ठेवा. नाही सुधारली तर बंद, आणि डिलीट त्याच्याच हाताने, त्याला सांगून, "सहावीत गेलास की परत बघू" असं म्हणून, तो शाळेत गेलेला असताना गुपचूप नाही. बंद करूनही भीती जात नसेल, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेच्या वेळी रोज पोट दुखायला लागलं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकटा जाईना, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, यात कमीपणा काही नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

मुलगा सहा-सात वर्षांचा असेल तर मी दोन आठवडे वगैरे काही म्हणणार नाही, सरळ नको म्हणेन, त्या वयात स्क्रीनवरचं आणि खोलीतलं यातली भिंत फार पातळ असते. बारा-तेराचा असेल आणि झोप नीट असेल तर वेळ आणि पैसे सोडून बाकी फार मध्ये पडू नका.

आणि पुढची तयारी ठेवा, कारण शंभर दारं संपली की पुढे खाणीतली शंभर आहेत, आणि तीही संपली की दादा नवीन काहीतरी आणणारच. ‘फॅस्मोफोबिया’चं नाव ऐकाल, त्यात चौघं मिळून भूत शोधतात आणि तुम्ही माइकमध्ये जे बोलता ते भूत ऐकतं आणि त्यावर उत्तर देतं, हे नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, तेव्हा इतक्यात नको. ‘डेड बाय डेलाइट’मध्ये चार जण पळतात आणि पाचवा खेळाडू, म्हणजे पलीकडचा खराखुरा माणूस, त्यांना पकडून आकड्याला लटकवतो. युरोपात त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे, तो काही उगीच मारलेला नाही. त्याचं नाव घरात निघालं तर परीक्षा, दोन आठवडे, पळवाट, काही करत बसू नका. नाही म्हणा, आणि तेरा वर्षांच्या दादालाही म्हणा, खडूस काकू तर तुम्ही एव्हाना झालेलाच असाल.